डिअर कॅम्पला जावं का? शिकार न करणाऱ्याचं तिथे काय काम?

माळरान | ९ नोव्हेंबर, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. आम्ही विस्कॉन्सिनमध्ये ग्रीन बेजवळ राहतो. नोव्हेंबर लागला की इथे ऑफिसात, किराणा दुकानात, मुलांच्या शाळेबाहेर एकच विषय असतो: हरणांचा हंगाम. थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरातला चौथा गुरुवार) आधीच्या शनिवारी बंदुकीचा हंगाम सुरू होतो आणि नऊ दिवस चालतो. त्या आठवड्यात महत्त्वाची मीटिंग ठेवायची नाही, हे मला इथे आल्या आल्या सांगण्यात आलं होतं.

यंदा माझ्या टीममधल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी त्यांच्या डिअर कॅम्पला, म्हणजे हरणांच्या शिकारीच्या मुक्कामाला, बोलावलंय. उत्तरेकडे जंगलात त्यांच्या आजोबांनी बांधलेली लाकडी केबिन आहे. आजोबांपासून नातवापर्यंत सगळे तिथे जमतात. मी त्यांना स्वच्छ सांगितलं की मी कधी बंदूक धरलेली नाही आणि धरायची इच्छाही नाही. त्यावर ते म्हणाले, "बंदुकीचं कोण बोलतंय? भांडी घासायला माणूस लागतोच."

बायको म्हणते जा, असं घरचं आमंत्रण सहजासहजी मिळत नाही. आई फोनवर म्हणाली, "जिथे जीव घेतात तिथे कशाला जातोस?" मला दोघींचंही पटतंय. मी मटण खातो, पण जनावर सोलताना कधी पाहिलेलं नाही. जाऊ का? गेलो तर काय न्यावं, काय टाळावं? कुणी गेलं असेल तर सविस्तर लिहा.

खटपट्या | ९ नोव्हेंबर, रात्री १०:३१

जा. फक्त नारिंगी घालून जा, म्हणजे कुणी हरीण समजणार नाही. :)

मिशिगनकर | ९ नोव्हेंबर, रात्री ११:४८

नक्की जा. आमच्याकडे मिशिगनमध्ये तारीखच ठरलेली असते. १५ नोव्हेंबर, मग वार कुठलाही असो. अनेक गावांत त्या दिवशी शाळांना सुट्टी असते. मॅकिनॉचा पूल १९५७ साली खुला झाला. त्याआधी उत्तरेच्या द्वीपकल्पात जायला फेरीबोट होती आणि नोव्हेंबरात शिकाऱ्यांच्या गाड्यांची मैलोन् मैल रांग लागायची. आमच्या कॅम्पमधले म्हातारे त्या रांगेच्या गोष्टी अजून सांगतात. गाडीतच झोपायचं, पुढच्या गाडीवाल्याशी ओळख करून घ्यायची आणि पुढच्या वर्षी त्यालाच शोधायचं.

माझे शेजारी मला पहिल्यांदा घेऊन गेले तेव्हा मीही तुमच्यासारखाच बिनबंदुकीचा होतो. तिकडच्या कॅम्पांचा एक थाट आहे. जेवणात पेस्टी असते, म्हणजे बटाटा, सलगम आणि मांस भरलेली मोठी करंजीच. कॉर्नवॉलहून तांब्याच्या खाणीत कामाला आलेल्या लोकांनी ती आणली. फिनलंडच्या लोकांनी सॉना आणला, म्हणून साध्यातल्या साध्या केबिनमागेही लाकडं जाळून तापवायची खोली असते. दिवसभर बर्फात बसून आल्यावर त्या खोलीत शिरलं की माणूस पुन्हा माणसात येतो. रात्री युकर नावाचा पत्त्यांचा खेळ. तो शिकून जा. दोघादोघांच्या जोड्या असतात आणि चुकीचं पान टाकलंत तर तुमचा जोडीदार ते वर्षभर विसरत नाही.

आमच्या केबिनच्या भिंतीवर दाराशेजारी पेन्सिलीने लिहिलेल्या नोंदी आहेत. साल, बर्फ किती, कोण कोण आलं, कुणाला काय मिळालं. काही वर्षांपुढे नुसतंच लिहिलंय: "काही नाही. छान आठवडा." मला ती भिंत फार आवडते.

निशिगंध | १० नोव्हेंबर, सकाळी ८:०५

मला विरोधी सूर लावायचाय. मित्र जमवा, पत्ते खेळा, सॉना घ्या, सगळं सुंदर आहे. पण त्यासाठी कुणाचा तरी जीव का जावा? हातात दुर्बीण किंवा कॅमेरा घेऊन आठवडाभर जंगलात बसता येत नाही का? वर्णनं वाचताना ज्याच्यामुळे हे सगळं जमतं ते हरीणच दिसेनासं होतं.

हिमगौरी | १० नोव्हेंबर, सकाळी ९:५०

निशिगंध, प्रश्न रास्त आहे आणि तो विचारलाच पाहिजे. मी शिकार करते, म्हणून माझ्या बाजूने लिहिते.

आमचं गाव विस्कॉन्सिनच्या मध्यभागी. नवरा इथलाच. लग्नानंतर मी सासऱ्यांबरोबर जायला लागले. त्याआधी शिकाऱ्याचं शिक्षण घ्यावं लागलं. १ जानेवारी १९७३ ला किंवा नंतर जन्मलेल्यांना ते इथे सक्तीचं आहे. तिथे पहिल्यांदा चार नियम पाठ करून घेतात: प्रत्येक बंदूक भरलेलीच समजा, नळी कायम सुरक्षित दिशेला, नेमकं काय टिपताय आणि त्याच्या पलीकडे काय आहे याची खात्री, आणि चापावर बोट अगदी शेवटी. आमच्या सासऱ्यांनी बाहेरून आलेल्या एका तरुणाला यातला एक नियम मोडला म्हणून त्याच दुपारी घरी पाठवलं होतं. कुणी मध्ये पडलं नाही.

आता हरणांबद्दल. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बाजारात विकण्यासाठी इतकी बेसुमार शिकार झाली की अख्ख्या अमेरिकेत पांढऱ्या शेपटीची हरणं जेमतेम काही लाख उरली होती. आज ती तीन कोटींच्या आसपास आहेत. मधल्या काळात कायदे झाले, शिकारीचं मांस विकायला बंदी आली, हंगाम आणि परवाने आले. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांकडे वळवला. लांब नळीच्या बंदुकांवर आणि काडतुसांवर तो ११ टक्के आहे. आता अडचण उलटी आहे. बऱ्याच भागांतून लांडगे गेले, हरणं वाढली. कोवळी झाडं वर येईनात, रस्त्यावर गाड्यांना धडका बसतात. म्हणून मादी मारण्याचे परवाने जिल्हावार ठरवून दिले जातात.

हे सगळं खरं असलं तरी तुमच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर नाही, हे मला माहीत आहे. मी मारलेल्या पहिल्या हरणाजवळ गेले तेव्हा माझे हात थरथरत होते. सासरे टोपी काढून गप्प उभे राहिले. मग म्हणाले, "आता याचा कण वाया घालवायचा नाही." त्या वाक्यामुळे मी पुढे जात राहिले. ज्या दिवशी हात थरथरणार नाहीत त्या दिवशी मी थांबेन.

पुणेरी_वरण | १० नोव्हेंबर, सकाळी १०:१५

मी शुद्ध शाकाहारी. मला बोलावलं तर खायचं काय?

खटपट्या | १० नोव्हेंबर, सकाळी १०:२२

चीज. विस्कॉन्सिन आहे ते. सकाळी चीज, दुपारी चीज, रात्री तळलेलं चीज.

कोकणचा_बाप्या | १० नोव्हेंबर, दुपारी १:४०

अवांतर होईल, पण राहवत नाही. आमच्या आजोबांच्या वेळी गावात पारध व्हायची. मी पाहिलेली नाही, आजोबांकडून ऐकलेली. शिमग्याच्या सुमारास गाव जमायचं, देवाला गाऱ्हाणं घालायचं, मग हाकारे रान उठवायला एका बाजूने शिरायचे आणि बंदूकवाले दुसऱ्या बाजूला वाटा धरून बसायचे. बंदुका गावात दोन किंवा तीन, माणसं मात्र घरटी एक.

डुक्कर किंवा भेकर पडलं की वाटे घालायचे. आमच्या गावात ज्याची गोळी लागली त्याला मुंडी आणि एक जास्तीचा वाटा, हाकाऱ्याला वाटा, कुत्रे आणणाऱ्याला वाटा. जे घर पारधीला माणूस देऊ शकलं नाही, एकट्या म्हातारीचं किंवा आजाऱ्याचं, त्याचाही वाटा घरपोच जायचा. आजोबा म्हणायचे, वाटा चुकला तर भांडण पिढ्यान् पिढ्या चालतं.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते संपलं आणि ते योग्यच झालं. आपल्याकडे रान उरलंय किती? अमेरिकेत परवाने देऊन शिकार चालते म्हणून आपल्याकडेही चालू करा असं कुणी म्हणालं तर माझा साफ विरोध आहे. मी आता बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसतो, वनखात्याच्या पाणवठ्यावरच्या गणनेला. रात्रभर चंद्राच्या उजेडात कोण पाण्यावर आलं ते लिहायचं. निशिगंध, तुम्ही म्हणता तसा बिनबंदुकीचा कॅम्प हाच. पण तिथे बोलायचं नसतं आणि एका मचाणावर दोघेच असतात, त्यामुळे पारधीतली ती गावजत्रा नाही.

माळरान, तुम्ही जा आणि त्यांच्याकडे वाटे कसे घालतात ते बघून या. मला त्याचीच उत्सुकता आहे.

निशिगंध | १० नोव्हेंबर, दुपारी २:१०

बाप्या, प्रतिसाद आवडला. हिमगौरी, प्रामाणिक उत्तराबद्दल आभार. मत बदललेलं नाही, पण वाचतेय.

पिट्सबर्गचा_नाना | १० नोव्हेंबर, रात्री ९:०३

आमच्या पेनसिल्वेनियात एक मोठं दुःख आहे, ते इथे मांडतो. १९६३ पासून थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी हंगाम उघडायचा. शाळा बंद, कारखान्यांत निम्मी माणसं गायब. शुक्रवारी घरचं आटपायचं, शनिवारी डोंगरात पोहोचायचं, रविवार अख्खा कॅम्पचा. लाकडं फोडा, चुलीची चिमणी साफ करा, गावातल्या चर्चमधल्या जेवणाला जा, दुकानदाराला वर्षभराची खबर विचारा. २०१९ पासून हंगाम शनिवारी उघडायला लागला आणि तो रविवार गेला. आता लोक शुक्रवारी रात्री धापा टाकत येतात, पहाटे उठून झाडावरच्या मचाणावर चढतात आणि दुसऱ्या दिवशी परत. गोळी झाडायला वेळ मिळाला, पण एकमेकांना द्यायला उरला नाही.

आमच्याकडची एक प्रथा सांगतो. नेम चुकला की रात्री सगळ्यांसमोर शर्टाचा मागचा पदर कापतात आणि नाव, तारीख लिहून तुळईला ठोकतात. आमच्या तुळईवर एका निवृत्त न्यायाधीशांचे तीन तुकडे लटकतायत. जुने शर्ट घेऊन येणाऱ्यांना सगळे ओळखून असतात.

लेकीची_आई | १० नोव्हेंबर, रात्री ९:४५

नाना, असहमत. माझी मुलगी पेनसिल्वेनियातच कॉलेजला आहे. सोमवारी हंगाम उघडायचा तेव्हा कॉलेजची मुलं आणि सुट्टी न मिळणारे कामगार यांना पहिला दिवस मिळायचाच नाही. आता ती शनिवारी मैत्रिणीच्या वडिलांबरोबर जाते. ज्यांना आठवडाभर सुट्टी काढणं परवडतं त्यांची परंपरा गेली, पण नवी माणसं आली, हे तुमच्या हिशेबात धरा ना.

पिट्सबर्गचा_नाना | १० नोव्हेंबर, रात्री १०:२०

मुलं येतायत हे खरं आहे आणि त्याचा आनंदच आहे. तरी रविवार गेला तो गेलाच, ताई.

हिमगौरी | ११ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

नाना, आमच्याकडे तसंच नोंदणीचं झालं. पूर्वी हरीण मिळालं की ते गाडीत घालून नोंदणी केंद्रावर न्यावं लागायचं, म्हणजे बहुतेक वेळा गावातला बार नाहीतर पेट्रोल पंप. तिथे सगळ्या कॅम्पांची गाठ पडायची. कुणाच्या गाडीत काय आहे हे बघायला शिकार न करणारेही मुलांना घेऊन यायचे. २०१५ पासून फोनवर किंवा ऑनलाइन नोंदणी, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५ पर्यंत. सोय झाली, नाकारत नाही. पण शनिवारच्या संध्याकाळी ती बारबाहेरची गर्दी गेली आणि शेजारच्या कॅम्पमधला कुणी वारला हे आम्हाला पुढच्या वर्षी कळायला लागलं.

बर्फाळ | ११ नोव्हेंबर, सकाळी ११:१८

एच-वन-बी वर असलेल्याला बंदूक चालवता येते का? माझा मॅनेजर म्हणतो, "ये, माझी देतो."

हिमगौरी | ११ नोव्हेंबर, सकाळी ११:५५

तशी हातात घेऊ नका. माळरान, हे तुम्हालाही लागू. तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना बंदूक किंवा काडतुसं बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे. वैध शिकार परवाना असेल तर त्याला अपवाद आहे. म्हणजे आधी शिक्षण, मग परवाना, मगच बंदूक. इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय काही करू नका.

मिनेसोटाची_मीरा | ११ नोव्हेंबर, रात्री ८:४०

एक गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून लिहिते. आपल्या रंगाच्या माणसाने त्या जंगलात जाताना थोडा विचार करावा लागतो. २००४ च्या नोव्हेंबरात विस्कॉन्सिनच्या सॉयर काउंटीत खासगी जमिनीतल्या मचाणावरून वाद झाला आणि एका ह्मॉंग (लाओसच्या डोंगरातून इथे आलेला समाज) शिकाऱ्याच्या गोळ्यांनी सहा जण मेले. त्यानंतर कितीतरी निरपराध ह्मॉंग कुटुंबांना जंगलात जायची भीती वाटायची. आमच्या सेंट पॉलमध्ये ह्मॉंग वस्ती मोठी आहे आणि माझ्या ओळखीची बरीच कुटुंबं आजही एकत्र कॅम्प करतात. लाओसच्या डोंगरात वाडवडील शिकार करायचे, ते इथे चालू राहिलं. मोठ्या पातेल्यात भात, लिंबाचा पाला घातलेला रस्सा आणि शेकोटीभोवती चार पिढ्या. डिअर कॅम्प फक्त जर्मन आणि फिनिश आडनावांचा नाही, हे मला सांगायचंय.

माळरान, यजमानाच्या जमिनीची हद्द नकाशावर समजून घ्या, एकटे भटकू नका, आणि शिकार करत नसलात तरी नारिंगी जॅकेट आणि टोपी दोन्ही घाला. यजमान सोबत असले की काही प्रश्न येत नाही.

मिशिगनकर | ११ नोव्हेंबर, रात्री ९:३०

मीरा, बरं झालं लिहिलंत. +१.

सामानाचं सांगतो. आतून लोकरीचं घाला, सुती नको, घाम आला की गारठून जाल. स्वयंपाकघराच्या खुंटीवरचं जॅकेट नेऊ नका, हिंगाच्या फोडणीचा वास हरणाला लांबून येतो. आणि चिवडा न्या, भरपूर. पत्त्यांच्या टेबलावर पातळ पोह्यांच्या चिवड्याला तोड नाही.

माळरान | ११ नोव्हेंबर, रात्री ११:०२

ठरलं, जातोय. आईलाही सांगितलं. ती म्हणाली, "जातोच आहेस तर उपाशी राहू नकोस." चिवडा बायको करतेय. आल्यावर लिहितो.

माळरान | ३० नोव्हेंबर, रात्री ९:२५

आलो. लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

पहिल्या रात्री मला कामांचा कागद दाखवला. चुलीजवळ टाचलेला असतो. पाणी, लाकडं, स्वयंपाक, भांडी. नव्या माणसाकडे भांडी, हे खरंच लिहिलेलं होतं. सर्वांत मोठे आजोबा ऐंशीच्या घरातले. ते आता झाडावर चढत नाहीत, खिडकीजवळच्या खुर्चीत बसून सगळ्यांची वाट बघतात. कोण कुठल्या जागी बसणार हे पहाटे तेच नकाशावर खिळे टोचून ठरवतात. अंधार पडला की खिळे मोजतात. एक खिळा नकाशावर राहिला तरी जेवण वाढलं जात नाही.

मी सहकाऱ्यांच्या मुलीबरोबर जमिनीवरच्या आडोशात बसलो. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून शिकारीला परवानगी असते, त्यामुळे आम्ही काळोखातच जाऊन बसलो होतो. काही दिसलं नाही. मला ते आवडलं.

आता अवघड भाग. शनिवारी संध्याकाळी एका पुतण्याची गोळी एका नराला नीट लागली नाही. तो जखमी होऊन दलदलीकडे गेला. सगळे जेवण टाकून कंदील आणि टॉर्च घेऊन निघाले, मीही गेलो. बर्फावर रक्ताचा थेंब दिसला की तिथे झाडाला नारिंगी पट्टी बांधायची आणि पुढचा थेंब शोधायचा. कुणी त्या मुलाला बोललं नाही. तो स्वतःच सगळ्यांच्या पुढे वाकून चालत होता. मध्यरात्रीनंतर थांबलो, पहाटे परत गेलो आणि सापडला. मेलेला होता. निशिगंध, ती रात्र मला तुमच्या बाजूची वाटली. त्या जनावराला किती वेळ लागला असेल हा विचार अजून जात नाही.

मग सोलणं. हरीण मागच्या पायांवर उलटं टांगतात. आजोबा खुर्ची बाहेर घेऊन आले. पाठीजवळ सुरी लागतच नाही, मूठ कातडं आणि मांसाच्या मध्ये घालून दाबत खाली यायचं, तसं ते सुटत जातं. माझी मूठ धरून त्यांनी ते दाखवलं. आत अजून ऊब होती. मला वाटलं होतं पोटात ढवळेल, पण कामात गुंतल्यावर तसं झालं नाही.

बाप्या, वाटे. सगळं मांस एका टेबलावर येतं, कुणाचं हरीण कुठलं हे तिथे संपतं. पाठीच्या पट्ट्या त्याच रात्री लोण्यावर परतून सगळ्यांनी खायच्या. बाकीचं पांढऱ्या कागदात गुंडाळायचं, वर मार्करने काय आहे ते लिहायचं आणि माणशी सारखे ढीग. गोळी न झाडणाऱ्यालाही तितकंच. एक ढीग शेजारच्या रस्त्यावरच्या एकट्या बाईंचा, त्यांचे पती पूर्वी या कॅम्पला यायचे. आणि एक माझा. मी नको म्हणालो तर आजोबा म्हणाले, "भांडी घासलीस ना?"

कोकणचा_बाप्या | ३० नोव्हेंबर, रात्री ९:५०

त्या बाईंचा वाटा वाचून आजोबांची आठवण आली. मुंडीचं काय करतात पण?

माळरान | ३० नोव्हेंबर, रात्री १०:०५

मुंडी तपासणीला. सीडब्ल्यूडी नावाचा मेंदूचा आजार आहे, विस्कॉन्सिनमध्ये २००२ मध्ये पहिल्यांदा सापडला. हरणाला होतो, शिजवून जात नाही. माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण लागण झालेल्या हरणाचं मांस खाऊ नका असा सल्ला आहे. इथे तपासणी फुकट होते. मानेतल्या गाठी काढून पाठवतात. आमचं सगळं मांस निकाल येईपर्यंत फ्रीजरमध्ये आहे. पाठीच्या पट्ट्या मात्र त्याच रात्री खाल्ल्या आणि ते मला पटलं नाही. पुढच्या वर्षी बोलणार आहे.

निशिगंध | ३० नोव्हेंबर, रात्री १०:३०

माळरान, जखमी हरणाचं न लपवता लिहिलंत, त्यासाठी आभार. माझं मत तेच आहे. पण अर्ध्या जेवणावरून उठून शोधायला जाणारी माणसं बेफिकीर नाहीत, एवढं मान्य. पुढच्या वर्षी जाणार?

माळरान | ३० नोव्हेंबर, रात्री १०:४१

हो. भांडी माझ्याकडेच ठेवा म्हणून सांगून आलोय. परवाना काढायचा विचार नाही.

बर्फाळ | १ डिसेंबर, सकाळी ९:१०

निकाल चांगला आला तर त्या मांसाचं करायचं काय? मलाही मॅनेजरने एक फरा दिलाय, तपासलेला. मटणासारखाच शिजवू का?

हिमगौरी | १ डिसेंबर, सकाळी ९:४०

जवळजवळ तसाच. आधी पांढरी चरबी सगळी काढून टाका. बकऱ्याच्या चरबीसारखी ती चवीला लागत नाही, थंड झाली की टाळूला मेणासारखी चिकटते. फऱ्याला दही, आलं-लसूण, हळद लावून रात्रभर ठेवा. कांदा-खोबऱ्याचं वाटण नेहमीपेक्षा सढळ घ्या, कारण मांसाला स्वतःचं तेल नाही. कुकरला मटणापेक्षा दोन शिट्ट्या जास्त, मग मंद आचेवर पंधरा मिनिटं. मांडीचा खिमा करणार असाल तर त्यात थोडा बकऱ्याचा खिमा मिसळा, नाहीतर कोरडा होतो. आणि मॅनेजरला डबा न्या.